भरतीच्या आत दादर

गुरुवार, ६ ऑगस्ट २०२०. सकाळचे साडेसहा. तुम्ही ठाकुरद्वारच्या चाळीच्या जिन्यात उभे आहात. तोंडाला मास्क, पायात मागे पट्टा असलेली सँडल. साधी चप्पल आज चालणार नाही, गाळ ती ओढून घेईल आणि पुढचा रस्ता अनवाणी तुडवावा लागेल. हातात लांब दांड्याची छत्री आहे. पाऊस थांबल्यातच जमा आहे. छत्री घेतली ती पाणी चाचपायला.

दादरला आई एकटी आहे. रात्रीपासून तिचा फोन लागत नाही. कोविडमुळे लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, आणि काल संध्याकाळी त्यांतल्याही दोन गाड्या मशीद स्टेशनजवळ पाण्यात अडकल्या. सुमारे २९० जणांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा चालतच जायचं.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, त्यामुळे आजचे आकडे तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. काल कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी १०७ किलोमीटरवर गेला. साडेआठला २४ तासांचा पाऊस मोजतील, तेव्हा कुलाब्याला ३३१ मिलिमीटर भरेल आणि सांताक्रूझला त्याच्या जेमतेम निम्मा. २००५ च्या २६ जुलैला नेमकं उलटं झालं होतं: सांताक्रूझला ९४४, कुलाब्याला अवघा ७३. तेव्हा गिरगावकरांनी उपनगरांच्या बातम्या टीव्हीवर पाहिल्या. काल पाणी त्यांच्या दारात आलं.

आणखी एक हिशेब डोक्यात ठेवा. सोमवारी नारळी पौर्णिमा झाली, म्हणजे हे दिवस उधाणाचे. आठच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि दुपारी दोनच्या आत मोठी भरती. मुंबईची पावसाळी गटारं समुद्रात उघडतात. भरती चढली की समुद्र त्यांची तोंडं दाबून धरतो आणि रस्त्यावरचं पाणी जागचं हलत नाही. जुनी गटारं बांधली तीच मुळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून, तोही ओहोटीच्या वेळचा. म्हणून आत्ताच निघा.

गिरगावातला रस्ता कोरडा दिसतो, आणि त्यामुळेच इथे पडायची भीती जास्त. एका बाजूला मेट्रोच्या कामाचे पत्रे, दुसऱ्या बाजूला पदपथ. तुमच्या काळात, ऑक्टोबर २०२५ पासून, इथे जमिनीखालून गाडी धावते. आज मात्र त्या खोदाईतला चिखल पातळ होऊन रस्त्यावर पसरलाय. त्यावर गुलमोहराची बारीक पानं चिकटली आहेत आणि त्यांच्यावरून टाच सटकते. पाय सपाट टेका, पाऊल आखूड टाका. पेव्हर ब्लॉकच्या कडेवर वजन देऊ नका. खालची वाळू वाहून गेलेला ब्लॉक कलंडतो आणि मळकं पाणी पिचकारीसारखं गुडघ्यावर उडतं. पदपथाच्या कडेचे जुने काळे दगड दिसले तर ते धरून चाला, ते हलत नाहीत.

प्रार्थना समाजाच्या पुढे एक झाड मुळासकट आडवं झालंय. मुळांचा गड्डा पाहून थांबायला होतं. एवढ्या मोठ्या झाडाला चारी बाजूंनी काँक्रीट आणि मुळं ताटाएवढ्या जागेत. वाऱ्याने झाड पाडलं हे खरं, पण त्याचे पाय आपण आधीच बांधून ठेवले होते. फांद्यांखालून वाकून जाऊ नका. आत विजेची तार लोंबतेय की नाही, ते पानांमुळे दिसत नाही. समोरून येणारा दूधवाला म्हणतो, केम्प्स कॉर्नरला रात्री डोंगराची भिंतच कोसळली, तिकडचा रस्ता बंद. तुम्हाला तिकडे जायचंच नाही. लॅमिंग्टन रोडने सरळ उत्तरेला चला.

मुंबई सेंट्रलपासून पाणी लागतं. आधी घोट्याएवढं, मग पोटरीपर्यंत. रंग एकच, चहासारखा, त्यामुळे खोली कळत नाही. काश्मीरात गुलमर्गच्या अफरवतावर हिमवादळानंतरच्या सकाळी स्कीवर उतरणाऱ्यांपुढे असाच पेच असतो. वरून सगळं सारखंच पांढरं, पण वाऱ्याने डोंगराच्या धारेवरचा भुसभुशीत थर उडवून टणक बर्फ उघडं पाडलेलं असतं आणि तोच थर पलीकडच्या खळग्यात कंबरभर नेऊन टाकलेला असतो. एका वळणाला स्की घसरते, पुढच्याला रुतते. सराईत माणूस बर्फाची चकाकी पाहून आणि पट्टीखालचा आवाज ऐकून पुढचं वळण ठरवतो. सात रस्त्याकडे जाताना तुमच्याकडेही तेवढंच आहे: पाण्याची हालचाल आणि छत्रीचं टोक.

पाणी एका जागी गोल फिरत आत ओढलं जात असेल तर खाली मॅनहोल उघडं आहे. खालून उकळी फुटल्यासारखं वर येत असेल तर गटार तुंबलंय आणि झाकण जागेवर असेलच याचा भरवसा नाही. खोल, संथ पाण्यात मात्र यांतलं काहीच दिसत नाही. तिथे पाय उचलायचा नाही, सरकवायचा. आणि त्याच्या आधी छत्री. २९ ऑगस्ट २०१७ ला शहरातले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ एल्फिन्स्टनजवळ असेच पाण्यातून घराकडे चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. दोन दिवसांनी त्यांचा देह वरळीला सापडला. त्यानंतर पालिकेने धोक्याच्या मॅनहोलमध्ये जाळ्या बसवल्या. एका माणसाचा जीव गेल्यावर बसल्या, याचा राग मनात ठेवूनच पुढचं पाऊल टाकावं.

हा सगळा पट्टा एके काळी समुद्राचा होता. वरळीची खिंड बुजवण्याआधी भरतीचं पाणी महालक्ष्मी, ताडदेव, भायखळ्यापर्यंत पसरायचं. वर भराव टाकला, गिरण्या आल्या, टॉवर आले. खालचा उतार तसाच राहिला. वादळानंतरच्या सकाळी तो तुमच्या पोटऱ्यांना कळतो. चिंचपोकळीच्या पुलावर चढता तेव्हा पाय एकदम हलके होतात.

लालबागला गणेशमूर्तींच्या कारखान्यात माणसं मूर्तींखाली विटा सरकवताहेत. चतुर्थी सोळा दिवसांवर आलीय. यंदा सार्वजनिक मूर्तीलाही चार फुटांची मर्यादा आणि ‘लालबागचा राजा’ बसणारच नाही, मंडळ रक्तदान आणि प्लाझ्मादान करणार आहे. एक कारागीर बाहेर येऊन, न विचारताच, तुम्हाला सांगतो, ‘‘पुलाखालून जा ताई, भारतमाता सिनेमाच्या बाजूला खड्डाय.’’ त्या एका वाक्याचं मोल आज छत्रीहून जास्त आहे. या शहरात पाण्याचा नकाशा असाच एका तोंडातून दुसऱ्या कानात जातो. कुणीतरी उघड्या चेंबरमध्ये झाडाची फांदी उभी रोवलीय, तिला लाल फडकं बांधलंय. रोवणारा कधीच निघून गेलाय.

परळ ओलांडलं की हिंदमाता. चारी बाजूंनी रस्ते उतरतात तो हा खोलगट भाग. रे रोडच्या ब्रिटानिया केंद्रातले पंप पाणी ओढतात, तरी बशी आपली भरते. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, जवळच्या मैदानाखाली आणि उद्यानाखाली हे पाणी साठवायला टाक्या बांधायला घेतील. आज त्या नाहीत. पाणी गुडघ्यावर आहे. बंद पडलेल्या टॅक्सीच्या दाराला लागून पाणी दादरकडून परळकडे सरकतंय. पालिकेचा कामगार गमबूट घालून उघड्या झाकणापाशी उभा आहे, रात्रीपासून असावा. त्याच्या हाताची बोटं पाण्याने सुरकुतली आहेत. तो हाताने दुभाजक दाखवतो. तुम्ही दुभाजकाचा कठडा धरता, पाय सरकवता, छत्री टोचता, पुन्हा पाय. मध्यावर पाणी मांडीला लागतं, मग हळूहळू खाली उतरतं. साडेआठ वाजलेत. भरतीला अजून वेळ आहे.

दादरच्या बाजूने एक काका डोक्यावर पिशवी धरून पाण्यात उतरायला निघालेत, सरळ रस्त्याच्या मधोमध. तुम्ही तिथूनच ओरडता, ‘‘ओ काका, मधून नको! कठडा धरून या. टॅक्सीच्या पुढे झाकण उघडंय, तिथे माणूस उभा आहे, तो सांगेल तसं चला. आणि पाय उचलू नका!’’