गोलातला माणूस : कोस्ता पेरेरा

शेताच्या राखणदाराचे नाव गावात केव्हा निघते? गुरे पिकात शिरली त्या दिवशी. वर्षभर त्याने जागून काढलेल्या रात्री कोणी मोजत नाही. फुटबॉलमध्ये हेच नशीब गोलरक्षकाचे. २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच अशी एक चौकट. तिच्यापुढे एकटा माणूस. दहा गडी पुढे खेळतात, त्यांच्या चुका पोटात घालायला मागे कोणीतरी असते. याच्या मागे मात्र नुसती जाळी.

अशाच एका गोलरक्षकाची हकीकत आज सांगायची आहे. आल्बेर्तो दा कोस्ता पेरेरा. कोस्ता काय, पेरेरा काय, दोन्ही आडनावे गोव्यात घरोघरी ऐकलेली. पण हा गृहस्थ गोव्याचा नव्हे. त्याचा जन्म १९२९ सालचा, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिकमधील नकाला या बंदराच्या गावचा. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होते, जसे आपले गोवे होते. तिथल्या रेल्वेवाल्यांच्या क्लबातून तो १९५४ साली लिस्बनच्या बेन्फिका क्लबात आला.

ते साल ध्यानात ठेवा. त्याच वर्षी ओत्तो ग्लोरिया नावाचा ब्राझिलियन शिक्षक बेन्फिकात आला आणि त्याने क्लबाची घडीच बदलली. तोवरचा खेळ बराचसा हौसेचा. आता खेळाडूंनी एकत्र राहायचे, नेमाने सराव करायचा, खेळ हाच धंदा मानायचा. क्लबाचे नवे मैदानही त्याच डिसेंबरात उघडले. पहिल्याच हंगामात बेन्फिकाने देशाचे अजिंक्यपद मिळवले.

आणखी एक गोष्ट. बेन्फिका परदेशी खेळाडू घेत नसे. पण वसाहतीत जन्मलेला तो पोर्तुगीजच, असा राज्यकर्त्यांचा हिशेब! म्हणून १९६१ च्या संघात मोझांबिकचे कोस्ता पेरेरा आणि कोलुना, अंगोलाचे आगुआश आणि सांताना, असे चौघे होते. ज्या मुलखांना स्वातंत्र्य द्यायला लिस्बनचे सरकार राजी नव्हते, त्याच मुलखांच्या बळावर लिस्बनचा क्लब युरोपात नाव काढत होता. त्याच वर्षी अंगोलात उठाव झाला आणि डिसेंबरात गोवा मुक्त झाला. मोझांबिकला मात्र १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली.

३१ मे १९६१. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी युरोप चषकाचा अंतिम सामना, समोर बार्सिलोना. पहिला गोल बार्सिलोनाचा. मग आगुआशने बरोबरी केली, आणि लगोलग बार्सिलोनाचा नामांकित गोलरक्षक रामायेत्स याच्या हातून चेंडू स्वतःच्याच गोलात गेला. कोलुनाने तिसरा गोल केला. बार्सिलोनाने एक फेडला, पुढे हल्ल्यांवर हल्ले केले. चेंडू पुन्हा पुन्हा खांबाला लागून परत फिरला. बेन्फिका ३-२ ने जिंकले. जिंकलेल्या गोलरक्षकाला त्या दिवशी खांबांनीही हात दिला, हे कबूल करायला हवे. रामायेत्सला कोणी दिला नाही.

पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला समोर रेआल माद्रिद. पुश्काशने एकट्याने कोस्ता पेरेरावर तीन गोल चढवले. तीन गोल खाल्लेला गोलरक्षक सहसा मान खाली घालून परततो. पण तरण्या युसेबियोने दोन गोल केले आणि सामना ५-३ असा बेन्फिकाकडे गेला. १९६३ साली लंडनमध्ये मात्र मिलानकडून १-२ अशी हार झाली.

आणि मग २७ मे १९६५. गाव मिलान, प्रतिपक्ष इंटर, मैदानही इंटरचेच. बेन्फिकाने याबद्दल तक्रार केली होती, ती चालली नाही. पाऊस असा की मैदानात पाणी साचलेले. चामड्याचा चेंडू भिजला की जड होतो, वर निसरडाही. तो पकडणे म्हणजे ओल्या साबणाची वडी पकडणे. पूर्वार्ध संपत आलेला असताना जाइरने फटका मारला. फटका काही फार जबर नव्हता. पण चेंडू कोस्ता पेरेराच्या हातून निसटला, दोन पायांमधून गेला आणि रेषा ओलांडून आत.

दुसऱ्या अर्धात तो जायबंदी झाला. आज बदली गडी उतरवतात, तेव्हा ती मुभा नव्हती. त्याला बाहेर जावे लागले. बचावातला जेर्मानो गोलात उभा राहिला आणि उरलेल्या दहा जणांनी पुढचा सगळा वेळ काढला. त्यांनी दुसरा गोल होऊ दिला नाही. पण स्वतःलाही करता आला नाही. ०-१. तो एकच गोल, आणि तोही तसा.

माझे मत विचाराल तर, त्या रात्रीचा दोष एकट्या माणसावर टाकणे न्यायाचे नाही. बेन्फिकाच्या आघाडीनेही शंभर टक्के कोरडे हात दाखवले होते. पण लोकांच्या ध्यानात राहिले ते पायांतून गेलेले पाणी आणि चेंडू.

पुढच्या साली पोर्तुगालने विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवला, त्या चमूत कोस्ता पेरेरा नव्हता. १९९० च्या मे महिन्यात व्हिएन्नात बेन्फिका पुन्हा अंतिम सामना हरले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो वारला. बेन्फिकाने युरोप चषक आजवर दोनदाच जिंकला आहे. दोन्ही वेळा गोलात तोच उभा होता.