दोन टक्के कोणाचे? : कार्ड-व्यवहारांच्या अभ्यासाची प्रस्तावना

लक्ष्मी रस्त्यावर साडी घेताना, नाशकात फ्रीज घेताना किंवा पणजीत हॉटेलचे बिल चुकते करताना एक वाक्य कधी ना कधी कानावर पडलेले असतेच : "कार्डाने देणार असाल तर दोन टक्के वर लागतील." गिऱ्हाईक घुटमळते. कोणी मुकाट्याने देतो, कोणी पाकिटातल्या नोटा मोजू लागतो, कोणी हुज्जत घालतो. गल्ल्यामागचा माणूसही ओशाळलेला असतो. ठरल्या नफ्यातून हे पैसे आपण पदरचे का घालावेत, असे त्याला वाटते. आणि सांगितलेल्या भावावर ही नवी भर कसली, असे गिऱ्हाइकाला वाटते. मला दोघांचीही तक्रार खरी वाटते.

ते दोन टक्के शेवटी कोणाच्या हातात जातात, एवढ्या एका प्रश्नापाशी अर्थशास्त्र, कायदा, हिशेबशास्त्र आणि संगणकशास्त्र या चारही वाटा येऊन मिळतात. यांपैकी एकाही विषयाची पदवी नसलेला किराणा दुकानदार हा प्रश्न रोज विचारतो, आणि मशीन बसवून देणारा प्रतिनिधी "सिस्टिमच तशी आहे" म्हणून निघून जातो. वाणिज्य शिकवताना मला कळले की माझ्या विद्यार्थ्यांना ताळेबंद वाचता येतो, पण घरात आलेले क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट वाचता येत नाही. पुढची प्रकरणे त्यासाठी लिहिली आहेत. या विषयात नव्याने येणाऱ्याला आधीची तयारी लागणार नाही. टक्केवारी काढता यावी आणि तारखांकडे नीट बघायची सवय असावी, इतके पुरे.

सुरुवात दुकानदाराच्या प्रश्नाने करू : "दहा हजारांचं बिल केलं, खात्यात कमी का आले?" समजा त्याचा ठरलेला दर 1.8 टक्के आहे. दहा हजारांवर 180 रुपये शुल्क झाले; त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 32 रुपये 40 पैसे. खात्यात आले 9,787 रुपये 60 पैसे. या 180 रुपयांना मर्चंट डिस्काउंट रेट, बोलीभाषेत एमडीआर म्हणतात. 'बँकेने कापले' असे आपण म्हणतो खरे, पण ती एकच बँक नसते. सर्वांत मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्याचे नाव इंटरचेंज. त्याहून बराच लहान वाटा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या जाळ्याचा. उरलेले मशीन देणाऱ्या बँकेचे किंवा कंपनीचे. वरचा जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिट म्हणून परत धरता येतो. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराला तो धरता येत नाही. म्हणजे दर कागदावर सारखा असला तरी लहान दुकानाला तो अधिक पडतो. ही गोष्ट मला दर वेळी टोचते.

शुल्काला 'डिस्काउंट' का म्हणायचे, असे विद्यार्थी विचारतात. याचे उत्तर आपल्या भाषेत आधीपासून आहे. पेशवाईत उत्तरेतला पैसा हुंडीने पुण्यात येई. सावकार हुंडी वटवताना दर्शनी रकमेतून काही वजा करी, ती हुंडणावळ. नाण्यांच्या अदलाबदलीत कापला जाई तो बट्टा. येणे असलेली रक्कम आज, पण थोडी कमी करून घ्यायची, हा दोन्हींतला गाभा. दुकानदारही कार्डाच्या विक्रीत हेच करतो : गिऱ्हाईक महिन्याने पैसे भरणार आहे, दुकानदाराला ते एक-दोन दिवसांत हवे आहेत, आणि गिऱ्हाईक बुडवील ही भीती तर मुळीच नको आहे. एमडीआर ही या युगाची हुंडणावळ आहे, असे मी वर्गात सांगतो, आणि ते केवळ उपमेपुरते नसते. हुंडीतही दर्शनी (दाखवताच पैसे) आणि मुदती (ठरल्या मुदतीनंतर पैसे) असा भेद होता. डेबिट आणि क्रेडिट कार्डांतला फरक त्याला फार दूरचा नाही. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात ओळख असलेल्या, पतदार माणसालाच मिळत. हा शब्द आज आपण भलत्याच अर्थाने वापरतो. पण पैसे घेणारा कोण आहे याची खातरजमा आधी, रक्कम नंतर, ही शिस्त त्यात होती. दुकानाला मशीन देण्यापूर्वी बँक पॅन, दुकानाचा परवाना, रद्द केलेला चेक मागते, तेव्हा ती हीच खातरजमा करत असते.

कार्डाचा स्वतःचा इतिहास मात्र अमेरिकेत घडला. 1950 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला; त्याने उपाहारगृहांकडून बिलाच्या सात टक्के घेतले. 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो या एका शहरात, कोणी मागितलेली नसताना, सुमारे 60,000 कार्डे टपालाने घरोघरी पाठवली. थकबाकी आणि फसवणूक यांनी बँक सुरुवातीला बेजार झाली, पण त्याच कार्डाचे 1976 मध्ये व्हिसा झाले. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडिया या मुंबईच्या बँकेने 1980 मध्ये आपले कार्ड काढले.

फ्रेस्नोत आधी कार्डे का वाटली, या प्रश्नातून या क्षेत्राचा मुख्य सिद्धान्त निघतो. कार्ड बाळगणारे नसतील तर दुकानदार ते स्वीकारणार नाही, आणि दुकाने स्वीकारत नसतील तर कार्ड कोणी बाळगणार नाही. वधूवर सूचक मंडळ चालवणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. दोन्ही बाजूंची माणसे वहीत असावी लागतात, आणि एक बाजू कमी पडली की तिची नावनोंदणी फुकट करून दुसरीकडून खर्च काढावा लागतो. विल्यम बॅक्स्टर यांनी 1983 मध्ये इंटरचेंजची मांडणी अशा दुहेरी मागणीच्या अंगाने केली. पुढे जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल यांनी तिला गणिती रूप दिले. तिरोल यांना 2014 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागच्या कामात या अभ्यासाचाही वाटा आहे.

सिद्धान्त सुंदर आहे. माझी हरकत त्याच्या परिणामाला आहे. दोन बाजूंपैकी कार्डधारकाला रिवॉर्ड पॉइंट, कॅशबॅक, विमानतळावरचे लाउंज मिळते, आणि त्याचा बराच खर्च दुकानदाराच्या कपातीतून निघतो. दुकानदार ती कपात कुठून भरणार? जिथे जमेल तिथे भावात मिसळून. त्या दुकानात नोटा मोजून देणारी मोलकरीणही तोच भाव देते. तिच्या पाकिटात कार्ड नाही, तरी कार्डाच्या खर्चाचा अंश तिच्या साबणाच्या वडीत आहे. रोखीलाही खर्च असतो हे मान्य : नोटा मोजणे, फाटक्या नोटा, भरणा करायला बँकेत जाणे, रात्री गल्ला सांभाळणे. हे सगळे वजा करूनही उरते ते कोणी सोसायचे, यावर देशोदेशी कायदे झाले. युरोपीय संघाने 2015 मध्ये इंटरचेंजवर डेबिटला 0.2 आणि क्रेडिटला 0.3 टक्के अशी कमाल मर्यादा घातली.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने मर्यादा डेबिट कार्डाच्या एमडीआरवर घातली. जानेवारी 2018 पासून वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला कार्ड-मशीनवर जास्तीत जास्त 0.40 टक्के, त्यापुढच्यांना 0.90 टक्के. 1 जानेवारी 2020 पासून रुपे डेबिट आणि यूपीआय यांवरचा एमडीआर शून्य झाला, आणि पुढे बँकांचा खर्च काही अंशी सरकार प्रोत्साहनाच्या रूपाने देऊ लागले. क्रेडिट कार्डाच्या दराला अशी मर्यादा नाही. सुरुवातीच्या, गल्ल्यावरच्या वादाचे उत्तरही इथेच आहे : डेबिट कार्डावर दुकानदाराने वरचे पैसे घेऊ नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बजावले. क्रेडिट कार्डाबाबत मात्र दुकानदाराने आपल्या बँकेशी केलेला करार उघडून पाहावा लागतो, आणि तो करार वाचलेला दुकानदार मला अजून क्वचितच भेटला आहे. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले आणि गल्ल्यावर नवा प्रश्न आला : "स्कॅनरवर आलेल्या पैशातून चार्ज कसा कापला?" क्यूआर तोच असतो, त्यामागून आलेला पैसा कधी बचत खात्यातला असतो, कधी उधारीचा.

गिऱ्हाइकाच्या प्रश्नांत सर्वांत महागडा प्रश्न व्याजाचा. "पाचशेच भरायचे राहिले होते, मग एवढं व्याज?" बिनव्याजी मुदत ही पूर्ण बिल भरण्याच्या अटीवर मिळालेली सवलत असते. थोडे जरी राहिले, तरी ती सवलत जाऊ शकते. मग मागच्या खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज धरले जाते आणि नव्या खरेदीला तर पहिल्या दिवसापासून. भरलेली रक्कम वजा करून उरलेल्या थकबाकीवरच व्याज लावावे, न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे 2022 चे निर्देश आहेत. महिना साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटते. वर्षाचे ते बेचाळीस होतात. तीस टक्क्यांवरचे व्याज ही अनुचित प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो रद्द केला. म्हणजे आज ग्राहकाचे संरक्षण दराच्या मर्यादेत नाही, स्टेटमेंट वाचण्यात आहे. 'मिनिमम ड्यू' भरून निश्चिंत झालेल्या माणसाला हे कोणीतरी आपुलकीने सांगायला हवे.

बाकीचे प्रश्न इथे नुसते ओळखीपुरते. "पैसे कट झाले, दुकानदाराला मिळालेच नाहीत" : मंजुरीचा संदेश आणि प्रत्यक्ष पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 2019 च्या नियमाप्रमाणे दुकानातल्या मशीनवर अडकलेली रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. "हे नाव कुठल्या दुकानाचं?" : पाटीवर 'श्री गणेश' आणि स्टेटमेंटवर मालकाच्या फर्मचे नाव, असे सर्रास असते; चोरी झाली म्हणून कार्ड बंद करण्याआधी तारीख आणि रक्कम जुळवून पाहावी. आणि चोरी खरोखरच झाली असेल, चूक ना आपली ना बँकेची असेल, तर संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवणाऱ्यावर तोटा येत नाही. हा 2017 चा नियम मी प्रत्येक वर्गाला वहीत लिहून घ्यायला लावतो.

वाचायला बसण्यापूर्वी दोन कागद जवळ ठेवावेत : आपल्या कार्डाचे गेल्या महिन्याचे स्टेटमेंट, आणि ओळखीच्या दुकानदाराने दाखवले तर त्याच्या बँकेचा त्याच महिन्याचा सेटलमेंट रिपोर्ट. आपण केलेली एखादी खरेदी दोन्हींत शोधावी. रक्कम वेगळी दिसेल, तारीख वेगळी दिसेल, कदाचित नावही. पहिले प्रकरण रात्री साडेनऊला सुरू होते. शटर अर्धे खाली आले आहे, दुकानदार मशीनवर दिवसाचे सेटलमेंट मारतो आहे आणि कागदाची लांब पट्टी बाहेर येते आहे.