लाल नाकाची बदनामी

मी दारूला कधी शिवलो नाही. तरी माझे लालबुंद नाक पाहून लोक सूचक हसत. डॉक्टरांनी ‘रोझेशिया’ हे नाव सांगितले आणि मी त्याचा इतिहास धुंडाळू लागलो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये धर्मन्यायालयाचा एक बेलीफ रंगवला. आगीसारखे लाल, पुटकुळ्यांनी भरलेले तोंड. स्वभावाने मद्यपी, लंपट. पारा, गंधक, टाकणखार, सफेता, काहीच त्याला लागू पडत नाही. हा रोझेशियाच असावा, असे काही अभ्यासक मानतात. चेहऱ्यावरच चारित्र्य वाचायची ही सवय पुढेही टिकली.

मद्याने रोझेशिया भडकतो हे खरे. पण न पिणाऱ्यांनाही तो होतो. अमेरिकेत १९८८मध्ये मेट्रोनिडाझोलच्या जेलला आणि २०१४मध्ये आयव्हरमेक्टिनच्या क्रीमला मान्यता मिळाली. दोन्ही मुळात परजीवींवरची औषधे. त्यांनी पुटकुळ्या बसतात, लाली मात्र बरीचशी उरते.

माझेही तसेच झाले. आधी कुणाच्या सांगण्यावरून लावलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने लाली ओसरली होती. ते सोडताच दुपटीने उसळली. जेलने चेहरा निवळला. लोकांच्या नजरेवर मात्र अजून मलम निघालेले नाही.