बूट फाटला म्हणून एक्सल का बदलायचा?

गाडीचा सीव्ही बूट, म्हणजे एक्सलच्या टोकांच्या सांध्यावरचे रबरी आवरण, फाटला की गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान ऐकू येते: "एक्सल गेला, पूर्ण असेंब्लीच टाका." या सल्ल्यामागे तीन युक्तिवाद असतात. बूट फाटला म्हणजे आत धूळ-पाणी जाऊन सांधा खराब झालाच. खोलण्याची मजुरी तीच, मग नवा शाफ्टच का नको? आणि हे काम घरी होण्यासारखे नाही. तिन्ही तपासून पाहू.

पहिला युक्तिवाद मधला काळ विसरतो. बाहेरच्या सांध्यात बहुधा सहा पोलादी छर्रे कडक केलेल्या खाचांतून फिरतात. बूट फाटल्यावर आधी ग्रीस बाहेर उडते, मग चिखल आत शिरतो, त्यानंतर खाचा झिजतात आणि अखेर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट ऐकू येते. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे आहेत, पण आवाज नाही, या टप्प्यावर सांधा बहुधा वाचतो. पुरावा म्हणून काळे ग्रीस दाखवले जाते. पण या सांध्याचे मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीस डब्यातच काळे असते. ते चिमटीत चोळून पाहावे. खरखर लागली, गंजाची तांबूस छटा किंवा पाण्याचा दुधाळपणा दिसला, तर शंका घ्यावी. मग सांधा धुऊन छर्रे आणि खाचा पाहाव्यात. नुसती चकाकी चालते. नख अडकेल असा खड्डा चालत नाही.

आवाज सुरू झाला असेल, तर मात्र पूर्वपक्ष बरोबर आहे. झिजलेले पोलाद ताज्या ग्रीसने भरून येत नाही.

मजुरीचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण अनेक गाड्यांत बाहेरचा सांधा लॉकवरून (सर्क्लिपवरून) ठोकून काढता येतो. शाफ्ट गिअरबॉक्समध्येच राहतो, ऑइल सांडत नाही. काही गाड्यांत बाहेरचा सांधा निघत नाही, तेव्हा आतल्या सांध्याकडून बूट चढवावा लागतो. काम वाढते, तरी कंपनीचा मूळ, धडधाकट सांधा कायम राहतो. तो काढून स्वस्तातला, अनोळखी घडणीचा शाफ्ट बसवण्यात बचत कसली?

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण तो अटींचा आक्षेप आहे, मनाईचा नव्हे. हबचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नये. भक्कम स्टँड हवाच. सांधा काढण्यापूर्वी त्याच्या जागेची खूण करावी. नव्या बुटाच्या किटमधले सगळे ग्रीस भरावे, लॉक आणि पट्ट्या नव्या घालाव्यात, पट्टी आवळण्यापूर्वी बुटात अडकलेली हवा सोडावी. हबचा नट नवा घेऊन मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच, टॉर्क पान्याने आवळावा. उभी चीर असलेला, चिकटवून बसवायचा बूट तात्पुरता उपाय समजावा. या अटी पाळता येत नसतील, तर काम मिस्त्रीकडे द्यावे, पण त्याला बूटच बदलायला सांगावे.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर चाके दोन्ही बाजूंना वळवून बॅटरीच्या उजेडात बुटांच्या घड्या पाहा. चीर वेळेत दिसली, तर बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागते. अख्खा एक्सल बदलण्याचे कारण उरत नाही.