कुलूप नसलेला डबा आणि कवाडे नसलेले गाव

शनिशिंगणापूरचे नाव घेतले की बाहेरचा माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. घरांना खरेच कवाडे नाहीत काय? आणि चोरी झाली तर काय होते? या दोहोंत मी आज तिसऱ्याची भर घालतो. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांचे शिबिर या गावी भरले, तर आसपासचा इतिहास त्यांना कसा शिकवावा?

हल्ली जगभर एक खेळ चालतो. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. आपण डबा-शोध म्हणू. एकाने डबा लपवावयाचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करावयाचे. दुसऱ्यांनी हातातल्या यंत्रावर पाहात तो हुडकावयाचा. डब्यात एक वही असते. तीत नाव लिहून डबा होता तेथेच ठेवावयाचा. आतली वस्तू घेतली, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावयाची. कुलूप नाही, राखणदार नाही.

या खेळाचा पूर्वज इंग्लंडात सापडतो. डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली. तेथवर पोहोचणाऱ्याने तीत आपले कार्ड टाकावे, एवढीच अट. पुढे उपग्रह आले. त्यांच्या नागरी संकेतांत अमेरिकन सरकारने मुद्दाम घोळ ठेवला होता. तो मे २००० च्या आरंभी काढला गेला. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यात जंगलात एक बादली ठेवली व तिचा पत्ता आकड्यांत जाहीर केला. लष्कराच्या कामासाठी उभारलेली यंत्रणा पोराटोरांच्या खेळाला लागली, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु जमिनीचे असे आकडे उपग्रहांच्या आधी माणसांनी पायी चालून काढले. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासेस त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे. ते टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवावे लागे. नागपूरकडे जाताना १८२३ साली लॅम्बटन आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे वारला. त्याचे नाव पुस्तकांत आहे. यंत्र वाहणारे, साखळी ओढणारे खलाशी मात्र कोठे आहेत? माझे आयुष्य कामगारांत गेले. म्हणून कोणतेही मोठे काम पाहिले की ओझे कोणी उचलले, हे मी आधी विचारतो. शिबिरातल्या मुलांनाही हाच प्रश्न विचारावयास शिकवावे.

त्यासाठी लांब जावयास नको. शिंगणापूर नेवासे तालुक्यात आहे. नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते साल १२९०. त्याच नेवाशात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांहून जुने एका लहान मुलाचे दफन मिळाले. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ, आणि मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचे अवशेष टिकलेले! तो दोरा कोणी कातला? आईने की शेजारणीने? नाव नाही, पण काम उरले आहे.

तसेच श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद. तेथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. विद्वानांच्या ग्रंथांत त्या वस्तूंची चर्चा आहे. त्या सापडल्या मात्र कष्टकऱ्याच्या हाताला.

म्हणून शिबिरात पाच डबे ठेवावेत आणि प्रत्येकात एक प्रश्न घालावा. पानसनाल्याच्या पुरात शिळा आली, ही आख्यायिका गावातली वडीलधारी माणसे कशी सांगतात? शेताच्या बांधावरची विहीर कोणी खणली? उत्तर माणसांना विचारूनच मिळावे. जुन्या पांढरीवर कुदळ चालवू नये. परवानगीवाचून कोणाच्या अंगणात शिरू नये. डबा अशाच जागी असावा, जेथे मुलगा-मुलगी, कोणत्याही जातीधर्माचे मूल, मोकळेपणी जाईल. शनीच्या चौथऱ्यावर बायकांना पाऊल ठेवावयास २०१६ चा एप्रिल उजाडावा लागला, हाही या गावचा इतिहासच आहे.

आपल्याकडे गुप्तधन म्हटले की भगत, उतारे, प्रसंगी नरबळीसुद्धा डोळ्यांपुढे येतो. गुप्तधनाच्या शोधापायी केलेली अमानुष कृत्ये २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविली. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास कलेक्टरला कळविण्याचा कायदा तर १८७८ पासून आहे. ठेवा एकट्याने गिळावयाचा नसतो, हे मुलांना कायद्याच्या आधी खेळातून कळले तर किती बरे!

आता चोरीचा प्रश्न. शनीच्या कोपामुळे येथे चोरी होत नाही, अशी श्रद्धा आहे. ती मोडावयास मी आलेलो नाही. परंतु २०१० साली एका यात्रेकरूने चोरीची तक्रार केली. २०११ साली युको बँकेने येथे शाखा काढली, ती बिनकुलपाची म्हणून गाजली. आणि २०१५ साली पोलीस ठाणेही आले. म्हणजे विश्वास एकदा देवावर सोपवून मोकळे होता येत नाही. तो रोज सांभाळावा लागतो. संपाच्या दिवसांत आमच्या वर्गणीच्या डब्याला कुलूप असे; पण त्याचे खरे रक्षण होई वहीतल्या नोंदीने आणि चारचौघांच्या नजरेने.

लपविलेल्या डब्याचेही तसेच आहे. पन्नास मुलांनी नीट ठेवला तरी एकानेच पळविला की खेळ संपला. डबा उघडणाऱ्या मुलाला आत सोने मिळणार नाही. आधी येऊन गेलेल्यांची नावे मिळतील, आणि पुढच्यासाठी डबा जागेवर ठेवण्याची जबाबदारी मिळेल. इतिहास शिकणे म्हणजे याहून वेगळे काय असते?