अर्ज म्हणजे दिलेला शब्द

दर रविवारी सकाळी नऊला आमच्या ओसरीवर चार-पाच मुलंमुली वह्या घेऊन येतात. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांना निबंध लिहायचा असतो. मी हायस्कुलात बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे त्यांचे मसुदे तपासताना अशा अर्जांची जुनी वंशावळ डोळ्यांपुढे येते.

पेशवाईत पुण्यात विद्वानांना आधार मिळे तो श्रावणातल्या दक्षिणेचा. दाभाड्यांनी तळेगावात सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली. पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांची रीघ लागे. विद्वत्तेची पारख तोंडी होई, आणि जन्म दुसऱ्या जातीत असेल तर दार मुळी उघडतच नसे. इंग्रजी अंमलात दक्षिणेच्या पैशाला दुसऱ्या वाटा फुटल्या. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी आली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली. ‘काय पाठ आहे?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘काय लिहिलंत?’ हा प्रश्न आला.

‘शिकून काय करणार?’ या तिसऱ्या प्रश्नाला आपल्या माणसाने दिलेलं सगळ्यात सुंदर उत्तर मला आनंदीबाई जोशींच्या पत्रात सापडतं. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. २८ जूनला न्यू जर्सीतल्या रोझेल गावाहून त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिलं. वय अठरा. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसत नसू, हे त्या सरळ कबूल करतात. काय शिकलोय तेही सांगतात. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निर्धार त्या पुढे ठेवतात. आणि मग मुद्द्यावर येतात: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. त्यांचं स्वतःचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. एवढं दुःख पदरी असूनही अर्जाचं वजन त्यांनी त्या बायकांवर टाकलं. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या, आणि वर्षभराच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयाने पुण्यात गेल्या.

आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्यानंतर बरोबर तीस वर्षांनी, ४ जून १९१३ ला, भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परत आल्यावर संस्थानाची दहा वर्षं चाकरी. आनंदीबाईंनी मनाने दिलेला शब्द इथे कागदावर कलमांत उतरला होता. शिष्यवृत्ती घेणारा काहीतरी देणं लागतो, ही जाण दोन्हीकडे एकच आहे.

मुलांना मी हेच सांगते: निबंध म्हणजे शब्द देणं. कोणाला, कशाचा, ते लिहा.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने मसुदा आणला. ‘माझी परिस्थिती हलाखीची असून मला लहानपणापासून शिक्षणाची आवड आहे.’ वाक्य खोटं नव्हतं, पण ते कुणाचंही असू शकलं असतं. मी विचारलं, “घरात सकाळी पहिलं काम कोणतं?”

“डब्या एसटीत देणं, बाई.”

तिची आई गावची आशाताई, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका. क्षयाच्या संशयितांच्या थुंकीचे नमुने सकाळच्या गाडीने तालुक्याला जातात. घाटात दरड आली की गाडी बंद, आणि नमुने घरातच पडून राहतात. म्हणून हिला लॅब टेक्निशियन व्हायचंय, गावाजवळच तपासणी व्हावी म्हणून.

“हे लिहिलंस का?”

“हे लिहायचं असतं?”

मी आत जाऊन आनंदीबाईंच्या पत्राची प्रत आणली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने ती सावकाश वाचली, मग वहीचं कोरं पान काढलं. पहिल्या ओळीत तिने एसटीची वेळ लिहिली.