संगीन

बंदुकीच्या वा रायफलीच्या नळीच्या तोंडाशी पक्के बसवून जवळच्या झुंजीत भाल्याप्रमाणे वापरावयाचे टोकदार शस्त्र. पाते, मूठ किंवा नळकांडे आणि रायफलीला अडकविण्याची कळ हे तिचे मुख्य भाग होत. संगीन कोणत्या देशाची, कोणत्या रायफलीची व कोणत्या काळातील आहे, हे तिच्या घडणीवरून आणि तिच्यावरील शिक्क्यांवरून बहुधा ठरविता येते. त्यामुळे संग्राहकांप्रमाणेच लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनाही ती उपयुक्त वाटते.

इतिहास : संगिनीचे युरोपीय नाव फ्रान्समधील बायोन या शहरावरून पडले, असे सामान्यतः मानले जाते. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच सैन्यात तिचा वापर होऊ लागला. त्या काळी बंदूक पुन्हा ठासण्यास बराच वेळ लागे. तेवढ्या अवधीत घोडदळापासून बंदूकधाऱ्यांचे रक्षण करण्यासाठी भालाईत ठेवावे लागत. संगिनीमुळे बंदूकधारी स्वतःच भालाईत बनला. आरंभीच्या संगिनीची लाकडी मूठ बुचाप्रमाणे नळीत खुपशीत. त्यामुळे ती बसविल्यावर गोळी झाडता येत नसे. स्कॉटलंडमधील किलिक्रँकीच्या लढाईत (१६८९) हा दोष घातक ठरला. गोळीबारानंतर संगिनी बसविण्यास अवसर मिळण्यापूर्वीच डोंगराळ भागातील योद्धे तलवारी उपसून चालून आले आणि सरकारी फौजेची दाणादाण उडाली.

सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच दुर्गरचनाकार व्होबां याने पुरस्कारिलेली नळकांड्याची संगीन प्रचारात आली. नळकांडे नळीवर बाहेरून बसे व पाते एका बाजूस राही. त्यामुळे संगीन लावूनही बार भरता व काढता येई. हिचे पाते बहुधा त्रिकोणी छेदाचे असे. पुढे भालाईत युरोपीय सैन्यांतून नाहीसे झाले. महादजी शिंदे यांच्यासाठी द बॉइन या सॅव्हॉयच्या सेनानीने उभारलेल्या कवायती पलटणींजवळही बंदुका व संगिनी होत्या.

संगिनीची लांबी बंदुकीच्या लांबीवर अवलंबून असे, कारण घोडेस्वारापर्यंत पोचण्यासाठी दोहोंची मिळून पुरेशी पोच लागे. १८०० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात आलेली बेकर रायफल नेहमीच्या बंदुकीपेक्षा आखूड होती. म्हणून तिला तलवारीसारखी लांब संगीन दिली गेली. ब्रिटिश रायफल पलटणींत संगिनीला ‘तलवार’ म्हणण्याची प्रथा त्यातूनच पडली. फ्रान्सच्या १८६६ च्या शास्पो रायफलीची संगीन पितळी मुठीची व नागमोडी वळणाच्या पात्याची होती. त्या रायफलीनंतर आलेल्या ग्रा रायफलीच्या (१८७४) संगिनीचे पाते सरळ व अरुंद झाले, तर लेबेल रायफलीला (१८८६) चार कडांची सुईसारखी संगीन मिळाली.

प्रत्यक्षात संगिनीने झालेल्या जखमांचे प्रमाण फार अल्प होते. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या रुग्णालयांत नोंदलेल्या जखमांपैकी ते एक टक्क्याहूनही कमी होते. संगिनीचा खरा परिणाम शत्रूच्या मनोधैर्यावर होई. पुष्कळदा चकमक होण्यापूर्वीच एक बाजू मागे हटे. पहिल्या महायुद्धातील अरुंद खंदकांत लांब संगीन अडचणीची ठरली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सोळा इंची संगिनी कापून दहा इंची केल्या, तर ब्रिटिशांच्या चौथ्या क्रमांकाच्या रायफलीला केवळ आठ इंची खिळ्यासारखी संगीन होती. भारतात ईशापूर येथील कारखान्यातही आखूड, बारा इंची पात्याच्या संगिनी तयार झाल्या. त्यानंतरच्या संगिनी सुरीसारख्या झाल्या. काहींत म्यानाच्या साहाय्याने तार कापण्याचीही सोय आहे. फॉकलंडच्या युद्धात (१९८२) व इराकमध्ये (२००४) ब्रिटिश सैनिकांनी संगिनींनिशी हल्ले केले. अमेरिकन भूसेनेने मात्र २०१० मध्ये प्राथमिक प्रशिक्षणातून संगिनीचा हल्ला वगळला.

ओळख : प्रथम संगीन रायफलीला कशी अडकते ते पाहतात. नळकांडे, नळीभोवतीचे कडे व त्याचा व्यास, तसेच मुठीतील खाच यांवरून रायफल निश्चित करता येते. त्यानंतर पात्याची लांबी, छेद व पन्हळ तपासतात. अखेरीस शिक्के वाचतात. शास्पो व ग्रा संगिनींच्या पात्याच्या पाठीवर शस्त्रशाळेचे नाव, महिना व वर्ष वळणदार अक्षरांत कोरलेले असते. जर्मन संगिनींच्या पाठीवर बहुधा राजाचे आद्याक्षर, मुकुट व वर्षाचे शेवटचे दोन अंक, तर मुठीलगत कारखानदाराचे नाव आढळते. जपानच्या १८९७ च्या संगिनींपैकी कोकुरा शस्त्रशाळेच्या संगिनींवर तोफगोळ्यांच्या राशीचे चिन्ह असते.

ब्रिटिशांची १९०७ ची सतरा इंची संगीन या जपानी नमुन्यावर आधारलेली होती. तिच्या मुठीलगत पात्याच्या एका बाजूस मुकुट, राजाची आद्याक्षरे, १९०७ हा आकडा, निर्मितीचा महिना व वर्ष आणि कारखान्याचे नाव असते. दुसऱ्या बाजूस सरकारी मालकीचा बाण आणि तपासनिसांचे शिक्के असतात. यांतील १९०७ हे नमुन्याचे वर्ष असून निर्मितीचे नव्हे. नवशिक्या संग्राहकाची येथे हमखास गफलत होते. आरंभी हिच्या आडपट्टीला आकडा होता. तो १९१३ मध्ये रद्द झाला व पुष्कळ संगिनींवरून नंतर कापून टाकण्यात आला. मुठीच्या टोकास साफसफाईसाठी भोक पाडण्याची पद्धत १९१६ मध्ये सुरू झाली. म्हणून १९१० साली बनलेल्या संगिनीचा आकडा कापलेला व मुठीस भोक पाडलेले असेल, तर ती पुढेही सेवेत राहून दुरुस्त झाली, असे अनुमान करता येते. असे फेरफार दोष नसून संगिनीच्या सेवेची नोंदच असतात.

आकड्याच्या संगिनी दुर्मिळ व महाग असल्याने नंतर डाख देऊन जोडलेले बनावट आकडे आढळतात. जोडाची रेघ, धातूच्या रंगातील फरक व संगिनीच्या तारखेशी असलेली विसंगती यांवरून ते ओळखता येतात. म्यान व संगीन यांवरील क्रमांक जुळणे हीदेखील महत्त्वाची खूण होय. परंतु सैन्यातच त्यांची अदलाबदल होई, हेही ध्यानात घ्यावे लागते.

जतन : गंज काढण्यासाठी संगीन घासून लखलखीत करणे हानिकारक असते. त्यामुळे उथळ शिक्के व मूळचा मुलामा नष्ट होतो आणि तिची ओळख पटविण्याचे साधन कायमचे हरपते. सैल गंज मऊ कापडाने व तेलाने हळुवार काढावा. पाते चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. भारतात धारदार शस्त्रांना १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम यांतील तरतुदी लागू होऊ शकतात. संग्राहकाने त्या जाणून घेणे आवश्यक असते. प्राप्तीचे ठिकाण, पूर्वीचा धारक व सोबत आलेले साहित्य यांची लेखी नोंद ठेवल्यास संगिनीचे ऐतिहासिक मोल टिकून राहते.